भांड्यावरचं नाव आणि मोटारीचा नंबर

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात २६ जानेवारी २०२६ रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना घाईत सुटलेले दोन-तीन मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हातात माईक दिला की तो व्याजदरावर बोलणार, अशी भीती काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. निश्चिंत असा. आज मी ठिपक्यांवर बोलणार आहे.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. घरी गेल्यावर भांड्यांच्या मांडणीतला एखादा जुना स्टीलचा डबा किंवा पितळेचं पातेलं उलटं करून बघा. त्यावर नाव असणार. बहुधा आजीचं, नाहीतर आजोबांचं. कधी ‘अमुक यांच्या लग्नाप्रीत्यर्थ’, कधी ‘कै. तमुक यांच्या स्मरणार्थ’, आणि खाली तारीख. हे नाव सलग रेघेनं लिहिलेलं नसतं. भांड्यांच्या दुकानातला माणूस छोट्या टोच्यानं, हल्ली विजेच्या मशीननं, एकेक ठोका देत ते उमटवतो. बोट फिरवलंत तर कळेल, एकापुढे एक मांडलेले बारीक ठिपके आहेत ते. याला आपण ‘भांड्यावर नाव घालणं’ म्हणतो.

आपल्या आज्या हे हौसेनं करत असत, पण ते नुसतं हौसेपुरतं नव्हतं. वाडीत लग्न निघालं की दहा घरची पातेली एका मांडवात यायची. ग्रामस्थ मंडळानं मुंबईहून पाठवलेली मोठी टोपं यायची, देवळाची परात यायची. तिसऱ्या दिवशी मांडव सुटला की सगळी भांडी घासून अंगणात पालथी घालायची आणि बायका नावं वाचून आपापली उचलायच्या. भांडण नाही, तंटा नाही. भांडं स्वतःच सांगत असे, मी कोणाचं ते.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती मला सांगायला जड जाते, म्हणून लवकर सांगून टाकतो.

आपली सोसायटी २००१ साली नोंदली गेली. त्यानंतर आठ वर्षांनी, २००९ च्या मे महिन्यात, आपल्या पंपघरातली पाण्याची मोटार चोरीला गेली. आजच्या तरुण मंडळींना हे ठाऊक नसेल. त्या वेळी मी खजिनदार होतो आणि माझ्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. मे महिना, टाकी कोरडी, दोन्ही विंगमध्ये आरडाओरडा. कुलूप तुटलेलं नव्हतं, कडी उचकटलेली होती. वॉचमन होते आपले मामा. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले. पंपघराला लागूनच त्यांची खोली. त्या रात्री ते त्याच खोलीत झोपलेले होते आणि त्यांना काही ऐकू आलं नाही.

संशय कोणावर गेला असेल ते सांगायला नको.

कोणी त्यांना चोर म्हटलं नाही. आपण सुशिक्षित माणसं. आपण नुसतं त्यांच्यासमोर बोलायचं बंद केलं. कोणी दुधाची पिशवी त्यांच्याकडे ठेवीना, कोणी किल्ली देईना. कमिटीच्या मीटिंगमध्ये एक जण म्हणाले, ‘आतल्या माणसाशिवाय हे होत नाही.’ मी खजिनदार म्हणून तिथे बसलो होतो. मी काही बोललो नाही.

तीन-साडेतीन महिन्यांनी पोलिसांकडून निरोप आला. एका भंगारवाल्याकडे चोरीच्या मोटारी सापडल्या आहेत, येऊन ओळख पटवा. मी मोठ्या उत्साहानं बिल घेऊन गेलो. तिथे आठ मोटारी ओळीनं ठेवलेल्या. आठही हिरव्या रंगाच्या, आठही तीन हॉर्सपॉवरच्या आसपासच्या. कंपनीची छोटी पाटी, जिच्यावर नंबर असतो, ती आठही मोटारींवरून उचकटून काढलेली. हवालदारांनी विचारलं, ‘साहेब, तुमची कुठली?’ मी बिल पुढे केलं. बिलावर लिहिलं होतं : ‘मोनोब्लॉक पंप, ३ एचपी, नग १.’ नंबरच नाही. पंप बसवला त्या दिवशी नंबर मी उतरून घेतलेला नाही, कमिटीनं घेतलेला नाही. मोटारीवर आमची खूण नाही. हवालदार भला माणूस. म्हणाला, ‘एखादी खूण सांगा. ओरखडा, वेल्डिंग, काहीही.’ मला एकही सांगता आली नाही. आठ वर्षं त्या मोटारीचं पाणी प्यायलो, पण तिचं तोंड ओळखता येईना.

रिकाम्या हातानं परत आलो. नवी मोटार बसवली, प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी काढली. पण त्या आठांपैकी एक जरी आपली ठरली असती, तर ती भंगारवाल्याकडे कोणी आणून दिली हे पोलीस त्याला विचारू शकले असते आणि मामांवरचं मळभ एका दिवसात दूर झालं असतं. ते झालं नाही. त्याच दिवाळीनंतर मामा काम सोडून गावी गेले. जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे दिला आणि म्हणाले, ‘मोजून घ्या साहेब.’

मी मोजून घेतल्या. बँकेची सवय.

आता तुम्ही म्हणाल, या दोन गोष्टींचा आणि आजच्या विषयाचा संबंध काय? सांगतो.

२०१९ च्या जुलैमध्ये पेपरात एक बातमी आली होती. कात्रणं ठेवायची मला सवय आहे, हेही ठेवलं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं मोटार वाहन नियमांत दुरुस्तीचा एक मसुदा काढला होता. मोटारगाड्या आणि त्यांचे सुटे भाग यांवर ‘मायक्रोडॉट’ लावण्याबद्दल. त्यासाठी एआयएस १५५ या नावाचं प्रमाणही ठरवलेलं. शब्द नवा होता, म्हणून मी मागे लागून माहिती काढली.

मायक्रोडॉट म्हणजे अतिसूक्ष्म ठिपका. वाळूच्या कणाएवढा, एक मिलिमीटर किंवा त्याहूनही लहान. पातळ पत्र्याचा किंवा पॉलिस्टरसारख्या प्लॅस्टिकचा. त्यावर लेसरनं एक क्रमांक कोरलेला असतो. असे हजारो ठिपके एका चिकट द्रावणात कालवतात आणि गाडीच्या इंजिनावर, सांगाड्यावर, दारांच्या आतल्या बाजूला, जिथे सहसा नजर जात नाही अशा जागी फवारतात किंवा ब्रशनं लावतात. द्रावण वाळलं की पारदर्शक होतं. सहज पाहिलं तर दिसत नाही. अतिनील किरणांची, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली की ते चमकतं. मग एक ठिपका शोधून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की क्रमांक वाचता येतो. तो क्रमांक नोंदवहीत पाहिला की मालक कळतो.

यातली मेख लक्षात घ्या. चोर नंबरप्लेट काढतो, चासिस नंबर घासतो, इंजिन नंबरावर दुसरे आकडे ठोकतो, कारण त्या जागा त्याला माहीत असतात, त्या एक-दोनच असतात. इथे ठिपके हजारो. नऊशे नव्याण्णव खरवडले तरी एखादा कुठल्यातरी खाचेत राहतो. आणि एक पुरतो. गाडी फोडून दार एकाला, गिअरबॉक्स दुसऱ्याला विकला तरी प्रत्येक तुकडा आपल्या मालकाचं नाव घेऊन फिरतो. दक्षिण आफ्रिकेत गाड्यांच्या चोऱ्या फार, म्हणून त्यांनी २०१२ च्या सप्टेंबरपासून नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या गाड्यांना हे ठिपके बंधनकारकच केले.

कल्पना मुळात हेरांची. १८७०-७१ मध्ये पॅरिसला शत्रूचा वेढा पडला, तेव्हा दागरों नावाच्या फोटोग्राफरनं हजारो निरोप सूक्ष्म आकारात फोटो काढून कबुतरांच्या पिसांना बांधून शहरात पोचवले. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मन हेर एक अख्खं पान पूर्णविरामाएवढं करत आणि साध्या घरगुती पत्रातल्या एखाद्या टिंबाच्या जागी चिकटवत. पत्रात ‘मावशीची तब्येत बरी आहे’, आणि टिंबात जहाजांची यादी! म्हणजे जी विद्या लपवण्यासाठी निघाली, तीच पुढे ओळख पटवण्यासाठी उपयोगी पडली.

पण मला ही माहिती वाचताना हेर आठवले नाहीत. आठवलं ते आईच्या पातेल्यावरचं नाव. एकेक ठोका देऊन उमटवलेले ठिपके. तत्त्व तेच. वस्तूवर अशी खूण करायची, की वस्तू हातातून गेली तरी नाव जाऊ नये.

आता बँकवाला म्हणून सावधगिरीचे दोन शब्द सांगतो. कुठलीही योजना तिच्या मर्यादांसकट समजून घ्यावी.

पहिली मर्यादा. ठिपका चोर पकडत नाही. तो काही गाडी कुठे आहे ते सांगणारं यंत्र नव्हे. वस्तू सापडली तर ती कोणाची एवढंच तो सांगतो. ‘या मालावर खूण आहे’ अशी पाटी बाहेर लावली, तर चोर दोनदा विचार करील, इतकाच त्याचा धाक.

दुसरी मर्यादा महत्त्वाची. ठिपका नुसता असून चालत नाही, नोंद लागते. क्रमांक वाचला, पण तो कोणाच्या नावावर हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर तो नुसता आकडा. बँकेत असताना सोनेतारणाचं काम माझ्याकडे बरीच वर्षं होतं. सराफ कसोटीवर घासून कस बघत, वजन करत, आणि आम्ही लिहीत : ‘बांगड्या २, निव्वळ वजन अमुक ग्रॅम.’ पाकीट सील करून, सही घेऊन तिजोरीत. एकदा एक आजीबाई कर्ज फेडून दागिने न्यायला आल्या. पाकीट उघडलं, बांगड्या हातात घेतल्या, खिडकीपाशी उजेडात गेल्या आणि एका बांगडीच्या कडेवरून नख फिरवून म्हणाल्या, ‘हां, माझ्याच.’ मी विचारलं, ‘कशावरून?’ म्हणाल्या, ‘धाकटीला दात येत होते तेव्हा चावलीय ती.’ खूण होती, आमच्या पाकिटावरच्या सगळ्या वर्णनापेक्षा पक्की होती. पण ती त्यांच्या डोक्यात होती, आमच्या कागदावर नव्हती. उद्या वाद झाला असता, तर कोर्टात कागद चालला असता. तेव्हापासून मी तारणाच्या वर्णनात दबलेला पोचा, बदललेला फासा, तुटून जोडलेली कडी, सगळं लिहायला लागलो. सहकारी हसायचे.

तिसरी मर्यादा सोन्याची. सोनं वितळतं. आपल्याच रायगड जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरला १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. आपल्यापैकी कितीतरी जण दर्शनाला जाऊन आले असतील. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, मुखवटा गेला. चोर पकडले गेले, सोनं बरंचसं परत मिळालं, पण मुखवटा म्हणून नाही. त्यांनी तो वितळवला होता. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे नवा मुखवटा बसवला. भक्तांचं समाधान झालं, मलाही आनंद झाला. पण एक गोष्ट मनात राहिली. सोन्याचं वजन परत येतं, रूप परत येत नाही. आणि त्या दोन पहारेकऱ्यांच्या घरचं काय परत येणार? ते पहारेकरी होते, आपल्या मामांसारखेच. एक चोरी झाली की पहिली झळ दाराशी बसलेल्या माणसाला लागते. कधी जिवावर येते, कधी अब्रूवर.

असो. आता आपल्या घराकडे वळू. मायक्रोडॉटची डबी घेऊन मी इथे विकायला उभा नाही. सांगायचं हे, की ठिपक्याच्याच जातीच्या कितीतरी खुणा आज आपल्या घरात येऊन बसल्या आहेत आणि आपण त्या उलटून बघत नाही.

दागिना घ्या. आता हॉलमार्कच्या दागिन्यावर तीन खुणा असतात : बीआयएसचं चिन्ह, शुद्धता, आणि एचयूआयडी नावाचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक. हा क्रमांक प्रत्येक दागिन्याचा वेगळा. ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अ‍ॅपवर तो टाकला की दागिन्याची नोंद दिसते. भिंग घेऊन बघा, ठिपक्यासारखाच दिसतो. सोन्याचा दागिना घेताना तो क्रमांक बिलावर आहे ना, हे दुकानातच तपासा.

मोबाईल घ्या. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की पंधरा आकड्यांचा आयएमईआय नंबर येतो. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन ‘संचार साथी’ या सरकारी व्यवस्थेवर तो नंबर बंद करता येतो. ही सोय २०१९ मध्ये महाराष्ट्रातच आधी सुरू झाली आणि २०२३ पासून देशभर आहे. पण फोन हरवल्यावर नंबर कुठून आणणार? आजच कागदावर लिहून ठेवा. फोनमध्येच लिहून ठेवलात तर तुमच्यासारखे शहाणे तुम्हीच.

गाडी घ्या. तिच्या सांगाड्यावर सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. हल्ली नव्या सुरक्षा नंबरप्लेटवरून आपल्या पार्किंगमध्ये बरीच कुरकुर चालली आहे. पण त्या पाटीवर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेसरनं कोरलेला कायमचा क्रमांक असतो, तो उगाच नव्हे. मुलांनो, तुमच्या सायकललाही नंबर असतो. पायडलच्या आसाखाली, सायकल उलटी करून बघा. आणि आपल्या दूधवाल्याच्या गाईच्या कानात जो पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडे असतात. गाईचा नंबर लिहिलेला आहे, आपल्या पाण्याच्या मोटारीचा नव्हता!

लॉकरबद्दलही एक गोष्ट सांगतो, कारण यात मोठा गैरसमज आहे. तुमच्या लॉकरमध्ये काय आहे, हे बँकेला ठाऊक नसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे २०२२ पासून आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्यांची लबाडी यामुळे नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. आणि पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, जबाबदारी नाही. पुराचं मी महाड तालुक्यातल्या माणसांना काय सांगू!

२२ जुलै २०२१. ती रात्र इथे बसलेल्या प्रत्येकाला आठवते. सावित्री आपली शेजारीण. एरवी तिच्या काठी गरम पाण्याच्या कुंडांवर पाहुण्यांना कौतुकानं नेतो आपण. त्या दिवशी ती पार्किंगमध्ये आली, मग तळमजल्यावर आली, आणि पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबली. पाणी उतरलं तेव्हा आवारात गुडघाभर चिखल आणि त्यात तळमजल्याच्या सगळ्या घरांचा संसार एकत्र.

तिसऱ्या दिवशी आपण सगळ्यांनी मिळून भांडी काढून या इथे, आज जिथे खुर्च्या मांडल्या आहेत तिथे, धुऊन ढीग केला. आठवतंय? अर्ध्या तासात ढीग संपला. बायकांनी नावं वाचली आणि ज्याचं त्याला गेलं. एक पितळी हंडा तर आपल्या सोसायटीतला नव्हताच. त्यावर नाव आणि गाव होतं, म्हणून चार दिवसांनी तो नदीच्या वरच्या अंगाच्या एका घरी पोचला. आणि त्याच आवारात मिक्सर, इस्त्र्या, इन्व्हर्टर यांच्यावरून मात्र वाद झाले. तीन मिक्सर एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. दोन शेजारणी, ज्या वीस वर्षं एकमेकींकडे वाटीनं साखर नेत होत्या, त्या महिनाभर बोलत नव्हत्या. आता बोलतात, म्हणून सांगतो, दोघी हसताहेत. पुढे विम्याच्या सर्व्हेअरनं फ्रिजचा मॉडेल नंबर, सिरियल नंबर मागितला, तेव्हा स्टिकर चिखलाबरोबर निघून गेलेले. ज्यांच्या बिलावर नंबर होता, आणि बिल वरच्या मजल्यावर होतं, त्यांचं काम सोपं झालं.

पूर आणि चोर, दोघं एकच काम करतात. वस्तूवरचं मालकाचं नाव पुसतात.

म्हणून या रौप्यमहोत्सवी वर्षात माझ्या तीन सूचना आहेत. त्या मी कमिटीला लेखी दिल्या आहेत.

एक. सोसायटीचं डेड स्टॉक रजिस्टर. बँकेत आणि शाळेत हे असतंच : कुठली वस्तू, कधी घेतली, किती रुपयांना, नंबर काय, कुठे ठेवली. दोन्ही पंप, लिफ्टची बॅटरी, सीसीटीव्हीचं यंत्र, आग विझवायची नळकांडी, शिडी, गणपतीच्या मंडपाचे पाईप, या खुर्च्यासुद्धा. प्रत्येकाचा नंबर, फोटो आणि एक वेगळी खूण. रजिस्टरच्या दोन प्रती. एक ऑफिसात, एक वरच्या मजल्यावर कोणाकडे तरी.

दोन. खूण. भांड्यांवर नाव घालायचं मशीन बाजारात मिळतं, फार महाग नाही. कमिटीनं एक घेतलं आहे. पंपाच्या बिडाच्या अंगावर, पाटीवर नव्हे, सोसायटीचा नोंदणी क्रमांक कोरायचा, आणि तोही दोन ठिकाणी : एक दिसेल असा, एक न दिसेल असा. घरातल्या वस्तूंसाठी अतिनील शाईचं पेन मिळतं; लिहिलेलं एरवी दिसत नाही, निळ्या टॉर्चखाली उजळतं. ती शाई काही वर्षांनी फिकी पडते, तेव्हा पुन्हा लिहायचं. हे काम मी मुलांकडे देतो. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता पंपघरासमोर जमा. टॉर्च माझ्याकडे आहे. अंधारात अक्षरं उजळताना बघण्यात जी गंमत आहे, ती मोबाईलवरच्या खेळात नाही.

तीन. प्रत्येक घरानं एक पान लिहावं. दागिने, त्यांच्या खुणा, फोनचे नंबर, गाडीचा नंबर, फ्रिज-टीव्हीचे नंबर. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावच्या जवळच्या नातेवाइकाकडे. आपल्या नदीचा स्वभाव लक्षात घेता, उंचावरच्या गावचा नातेवाईक बघावा.

पंधरा मिनिटं झाली. एकच सांगून थांबतो.

हे भाषण तयार करताना मामांची फार आठवण आली. सोळा वर्षं झाली त्यांना जाऊन. कोणाकोणाला विचारत तिसऱ्या प्रयत्नात त्यांच्या घरचा फोन मिळाला. सुनेनं उचलला, म्हणाली, ‘आबा वाड्यात गेलेत गुरांकडे, थांबा.’ बऱ्याच वेळानं फोनवर आले. मी नाव सांगितलं. ओळखलं लगेच. मी मनाशी जुळवाजुळव करत होतो, काय म्हणावं, माफी कशी मागावी. त्याआधीच त्यांनी विचारलं,

‘साहेब, मोटार घावली का?’

सोळा वर्षं तो माणूस त्या मोटारीच्या निरोपाची वाट पाहत होता. आपण नवी बसवून विसरून गेलो होतो.

मी सांगितलं, ‘नाही मामा, घावली नाही. पण चूक तुमची नव्हती. आमची होती. आम्ही नंबर लिहून ठेवला नव्हता.’ ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आता लिवून ठेवा.’

आजच्या कार्यक्रमाचं निमंत्रण कमिटीनं त्यांना पाठवलं होतं. गुडघे दुखतात म्हणून आले नाहीत. येत्या रविवारी पंपावर नाव घातलं की त्याचा फोटो त्यांच्या सुनेच्या मोबाईलवर पाठवायचा आहे. आणि त्यानंतर कमिटीपैकी दोघांनी माझ्याबरोबर त्यांच्या वाडीवर यावं, अशी माझी विनंती आहे. रजिस्टरमध्ये मोटारीचा नंबर लिहू, तशी ही नोंदही आपल्याला करायची आहे, आणि ती फोनवर होत नाही.

घरी गेल्यावर ते पातेलं उलटं करून बघायला विसरू नका.